गळती खालून दिसते

नोटीस लिफ्टशेजारी लागली. माझं नाव नव्हतं,
फक्त पार्किंग क्रमांक अकरा आणि 'तेलकट डाग'.
पेव्हर ब्लॉक नवे आहेत, सभासदांच्या पैशांचे,
हे सेक्रेटरी कोळेकर मला जिन्यात दोनदा सांगून गेले,
दुसऱ्यांदा जरा हळू, आजाऱ्याच्या घरी बोलतात तसं.

झेन. सत्त्याण्णवची. एमएच झिरो फोर.
मी घेतली तेव्हाच ती चौदा वर्षांची होती
आणि मी सत्तेचाळीसची,
लायसन्स हातात पडून चार दिवस झालेली.

वॉचमन बिराजदारने फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा दिला.
रात्री तो गाडीखाली सरकवला
पुढच्या चाकांची जागा स्केचपेनने आखून.
सकाळी सात थेंब.
पुठ्ठा घेऊन वागळे इस्टेटला गेले, ताहेर चौगुलेकडे,
एक्स-रे धरतात तसा उजेडात धरला.

त्याने नीट पाहिलंसुद्धा नाही.
"पडतं कुठं ते डांबराला विचारा.
तेल उतरतं, वारा लागला की मागं पळतं.
आपण सगळ्यात वरची ओल शोधायची."

रॉकेल, ब्रश, जुनी बनियन.
इंजिन इतकं स्वच्छ झालं की मला अनोळखी वाटलं.
मग खणातून त्याने बाळपावडरचा डबा काढला, गुलाबी,
आणि सगळ्या लोखंडावर भुरभुरला,
कोपरे न चुकवता, मानेखालीसुद्धा.
"आता गायमुखपर्यंत जाऊन या. पळवू नका."

गेले. घोडबंदर रोडला ट्रकांच्या मधून,
खाडी दिसेपर्यंत,
पावडर लावून निघालेली गाडी घेऊन.

परत आल्यावर बॉनेट उघडलं:
पांढऱ्यावर एक बारीक तपकिरी रेघ,
टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघून
वायरिंगच्या आडून
गिअरबॉक्सच्या सांध्यात लपलेली.
गेल्या वर्षी कापूरबावडीला एकाने खालचं चेंबर उतरवलं होतं.
चार हजार दोनशे.
थेंब खाली पडत होता ना.

पॅकिंग बदललं, एकशे ऐंशी रुपये.
तीन आठवड्यांनी पुठ्ठ्यावर परत पाच.

मी म्हटलं, नट जरा आणखी आवळून बघा.
ताहेरने पाना पाठीमागे धरला, पोरापासून सुरी लपवावी तसा.
"आवळून आवळून कव्हर वाकतं, बाई. मग जन्माचं गळतं."
बराच वेळ नुसता बघत राहिला.
मग एक रबरी पाइप उपसला, करंगळीएवढा,
पुसला, तोंडाला लावला आणि फुंकला.
गाल फुगले, कान लाल झाले,
पलीकडून काही आलं नाही.
तारेने टोचल्यावर आतून काळं निघालं,
घट्ट, काकवीच्या तळासारखं.

"ब्रीदर चोंदलाय. हिला श्वास सोडायला जागाच नाही.
आतला दाब कुठून तरी निघणार.
पॅकिंग बिचारं काय करील?"

मी बावीस वर्षं वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसले.
युनिटं चुकली म्हणून ओरडणारी माणसं,
मीटर बदलून दिला तरी पुढच्या महिन्यात परत ओरडणारी.
एक गृहस्थ तर चाळीस रुपयांसाठी
काचेवर डोकं टेकवून उभे राहिले होते.
मी त्यांना पावती दाखवत राहिले,
पुन्हा पुन्हा, बोट ठेवून.

नवा पाइप हातानेच मोजून कापला. साठ रुपये.
पॅकिंग पुन्हा नवं, नट बेताने.
मजुरीचं विचारलं तर म्हणाला, मागची दिली आहे की तुम्ही.

नोटीस अजून तशीच आहे.
डागही आहे, तो जुना, सोड्याने जरा फिका झालेला.
कोळेकर येता-जाता बघतात. मी पुठ्ठा दाखवते,
अकरा दिवस झाले, कोरा.
त्यांना डाग दिसतो.

फक्त तीन हात नाक्याच्या सिग्नलला
इंजिन तापलं, पंखा सुरू झाला की
काचा बंद असल्या तरी आत
न्हाऊ घातलेल्या बाळाचा वास येतो
आणि शेजारचा रिक्षावाला
मागच्या सीटकडे वाकून बघतो.